अंतर मोजायची दुर्बीण

दहाव्याला तापीच्या घाटावर ह्यांच्या पिंडाला कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. समोरच्या भिंतीवर बसले होते, आणि शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला तर गुरुजी मागं सरकायच्या आत शिवून गेले. आमच्याकडे मात्र बघायला तयार नव्हते. ऊन चढायला लागलं. मग नेहमीचं सुरू झालं, म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल ते ओळखायचं आणि त्याला शब्द द्यायचा. ह्यांच्या चुलत्यांनी हात जोडून सांगितलं की केळीचा धंदा बंद पडू देणार नाही. आणखी कुणी म्हणालं, तुझ्या बायकोला काही कमी पडू देणार नाही, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी लगेच आभार मानायला हवे होते. मग सासूबाई पुढं झाल्या. मी नीट राहीन, बीपीच्या गोळ्या रोज घेईन, माझी काळजी करू नको, असं त्या म्हणाल्या. बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. कावळे जागचे हलले नाहीत.

मला ऊन लागत होतं आणि भूक लागली होती. खरं सांगायचं तर त्यापलीकडे मला काहीच होत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा बोलणं भाग पडलं. मी म्हणाले, "तुमची ती अंतर मोजायची दुर्बीण घेईन मी." भाजी घेऊन येते म्हणावं, तसंच म्हणाले.

माझं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच कावळा उतरला आणि भाताला चोच लावून गेला.

ह्यांचं गोल्फ हा आमच्या घरात चेष्टेचा विषय होता. बुऱ्हाणपुरात गोल्फला मैदान नाही आणि खेळणारा माणूसही माझ्या माहितीत दुसरा नाही. ह्यांचा केळीचा व्यापार. जेवताना, झोपताना, देवळात, सगळीकडे केळीचा भाव. पण माल आखातात जायला लागला तशी इंदूरच्या एका निर्यातदाराशी ओळख झाली. तो ह्यांच्याच वयाचा. त्याच्याबरोबर हे एकदा मैदानावर काय गेले, पन्नाशीच्या तोंडावर हे वेड घेऊन आले. मग महिन्यातला एखादा रविवार इंदूर, आणि उरलेले रविवार नदीपलीकडं जैनाबादचं आमचं शेत. तिथं केळीच्या बागेच्या कडेनं एक लांब पडीक पट्टा आहे. त्याच्या टोकाला ह्यांनी बांबू रोवला आणि त्याला माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. तो झेंडा. सुरुवातीला मजूर काम सोडून बघत बसायचे, पुढं पुढं त्यांनाही कंटाळा आला.

झेंडा किती लांब आहे हे कळल्याशिवाय कुठली काठी घ्यायची ते ठरत नाही, हे मी जेवणाच्या ताटावर इतक्या वेळा ऐकलं आहे की आता झोपेतही सांगेन. इंदूरच्या मित्राकडे लेझरची दुर्बीण होती. ती डोळ्याला लावायची, झेंड्यावर धरायची, बटण दाबायचं, आत आकडा दिसतो. हे आपले अंदाजानं खेळायचे आणि हरले की दुर्बीण नाही म्हणून हरलो म्हणायचे. घेऊन टाका, मी म्हणायचे. पण कोणती घ्यायची ते ह्यांचं कधी ठरलं नाही. उभ्या बागेवर नजर टाकून माल किती निघेल ते सांगणारा माणूस, पण स्वतःसाठी साधी चप्पल घ्यायची तर तीन दुकानं फिरून रिकाम्या हातानं घरी यायचा.

गेले तेही त्याच पट्ट्यात. थंडीतली रविवारची सकाळ होती. मारलेले बॉल गोळा करायला झेंड्यापाशी गेले आणि तिथंच पडले. सासूबाई त्या दिवशी त्यांच्याबरोबर शेतात गेल्या होत्या. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या ओट्यावर उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी घरी कपडे वाळत घालत होते. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल.

तर घाटावरून परतताना लोकांना बोलायला विषय मिळाला. आईत नाही, बायकोत नाही, जीव अडकला तो खेळण्यात. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा यादी तशी लहानच होती, आणि त्यातही आम्ही दोघी मागं पडलो. मला त्याचं काही वाटलं नाही. घरी आल्यावर सासूबाई पाय धुता धुता एवढंच म्हणाल्या, "मी बोलली तवा नाही आला तो."

त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. कावळ्याचं काय मनावर घेता, असं म्हणायला हवं होतं. मी त्यांच्या हातात टॉवेल दिला.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत. एका कॉलेजच्या ऑफिसात मी काम करते, तिथं जायला लागले. प्रवेश झाले, परीक्षा झाल्या. थंडीत तापीत पाय सोडून बसलं की थोड्या वेळानं पाय आपले वाटेनासे होतात, तसं माझं सगळंच झालं होतं. भेटायला येणाऱ्या बाया मला रडवायचा फार प्रयत्न करत. एकीनं तर माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं आणि रड बाई, मोकळी हो, म्हणाली. तिच्या साडीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी सुटायची वाट बघत उभी राहिले. लोकांना वाटे मी फार धीराची आहे. काही जणींना दुसरंही काही वाटत असणार, आणि वाटू दे, मला भांडायची ताकद नव्हती.

सासूबाईंनी गोळ्या मात्र एक दिवस चुकवल्या नाहीत. शेतात जायचं त्यांनी बंद केलं. शेत चुलते बघायला लागले.

दिवाळी झाली आणि त्यांनी विषय काढला. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, शय्यादान करायचं होतं. गादी, छत्री, वहाणा हे ठरलेलंच. पण दुर्बिणीचा शब्द दिलाय, ती त्याच्या आत आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींना विचारलं तर त्यांनी डोकं खाजवलं. गोल्फचं दान त्यांच्याकडे आजवर आलं नव्हतं. शेवटी म्हणाले, त्यांच्या वयाच्या आणि ती वापरणाऱ्या माणसाला द्या. असा माणूस आमच्या ओळखीत एकच, इंदूरचा मित्र. त्याला फोन केला तर हो भाभी, येतो म्हणाला. दुर्बीण मीच घेऊन येतो, तुम्ही कशाला त्रास घेता, असंही म्हणाला. सासूबाईंनी बाजूला बसूनच हातानं नाही म्हटलं. शब्द आपण दिला होता.

मला हे लवकर उरकायचं होतं. मोबाइलवर लेझर, अंतर, असं काहीतरी टाकलं आणि जे पहिलं बरं दिसलं ते मागवलं. आलं ते मुठीत मावणारं पिवळं यंत्र. लाल ठिपका टाकायचं. खोलीत छान चालायचं, समोरची भिंत, कपाट, फ्रिज, सगळ्याचं अंतर सांगायचं. सासूबाई ते घेऊन गच्चीवर गेल्या आणि उन्हात त्यांना ठिपका कुठं सापडेना. समोरच्या घराच्या टाकीवर धरलं, काही येईना. मग माझ्या लक्षात आलं की हे फरशीवाले आणि फर्निचरवाले वापरतात ते. मी म्हटलं, अंतरच मोजतं ना, देऊन टाकू. त्या माझ्याकडे असं बघत राहिल्या की मी गुपचूप ते परत पाठवलं.

मग इंदूरला परत फोन. मित्रानं समजावून सांगितलं आणि मी ते सासूबाईंना समजावलं. दुर्बीण सहापट मोठं दाखवणारी घ्यायची. झेंड्यामागं झाडं असली तर साधी दुर्बीण झाडांचं अंतर सांगते, म्हणून झेंडा पकडणारी हवी, आणि तो पकडला की ती हातात थरथरते, म्हणजे खेळणाऱ्याला कळतं. सेलची की चार्जिंगची, तेही बघायचं. हे सगळं मी एकसुरात वाचल्यासारखं सांगत होते. सासूबाई मात्र मन लावून ऐकत होत्या. दुपारी जेवणं झाली की त्या चष्मा लावून माझ्या मोबाइलमधले फोटो बघत बसायच्या. मला बघायला आल्या तेव्हाही त्यांनी इतकं मन लावून बघितलं नसेल. ही हातातून निसटेल. हिचं बटण कुठं आहे तेच कळत नाही. एकदा मला विचारलं, ह्यातून माणूस दिसतो का? मी म्हटलं, दिसेल की, का नाही दिसणार.

अडलं ते चढ-उतारावर. काही दुर्बिणी जमिनीचा चढ-उतार धरून हिशेब करतात आणि बॉल किती लांब मारायचा तो आकडा सांगतात. मित्राचं म्हणणं, ही सोय असावी, पण बंद करता यावी, कारण स्पर्धेत ती चालत नाही. सासूबाईंना हे पटेना.

"म्हणजे हाये ते अंतर नाही सांगत?"

मी म्हटलं, तेही सांगते, आणि त्याच्याखाली हिशेब केलेलं सांगते.

"मले हाये तेच पायजे."

माझा स्वभाव मुळात तापट. इतके महिने तोही झोपला होता, त्या दुपारी नेमका जागा झाला. मी म्हणाले, तुम्हाला काय करायचंय, तुम्हाला कुठं खेळायला जायचंय? देणार त्या इंदूरवाल्याला, त्याला पाहिजे तशी घेऊन मोकळं होऊ.

त्यांनी मोबाइल गादीवर पालथा ठेवला आणि चष्मा काढला. मग म्हणाल्या, "मले मोजायचं हाये."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना एवढंच माहीत होतं की ह्यांना पहिल्यांदा त्यांनी बघितलं. पण त्यांनी ह्यांना पडतानाही बघितलं होतं. शेंगा सोलता सोलता मान वर केली तेव्हा हे झेंड्यापाशी वाकत होते. वाकले, गुडघ्यावर आले, मग गवतात दिसेनासे झाले.

"मले वाटलं, बॉल शोधून राहिला. हसली मी. टोपलं भरेपर्यंत शेंगाच सोलत बसली." टोपलं भरल्यावर त्यांनी चहाला हाक मारली. पुन्हा मारली. मग बागेत काम करणाऱ्या मजुराला बघायला पाठवलं, आणि त्याच्या ओरडण्यानं त्यांना कळलं. त्या स्वतः त्या जागेपर्यंत गेल्याच नाहीत. ह्यांना उचलून ओट्यापाशी आणलं तेव्हा बघितलं.

"मी किती लांब होती, ते पायजे मले," त्या म्हणाल्या. "त्यानं हाक मारली असन, तं मले ऐकू आली असती का नाही."

मला त्यांना जवळ घ्यायला हवं होतं, हे मला कळत होतं. दुसऱ्याच्या घरात काय करायला हवं ते कळतं, तसं कळत होतं. मी विचारलं ते हे, की मग टेपनं का नाही मोजत, चुलत्यांना सांगू, दोन मिनिटांचं काम.

"टेपनं मोजायचं तं तिथपर्यंत जावं लागते. मले तिथं नाही जायाचं." मग म्हणाल्या, "दुरूनच पायजे."

मी सरळ अंतर सांगणारी, चढ-उतार बंद करता येणारी एक दुर्बीण निवडली आणि त्यांना दाखवली. बटण वरच होतं, मोठं. हीच, त्या म्हणाल्या.

पार्सल आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. रिक्षा करून आम्ही पुलावरून जैनाबादला गेलो. मीही वर्षभर तिथं गेले नव्हते. जायचं टाळलं असं नाही, नुसतं सुचलं नव्हतं. जुनी बाग कापून झाली होती आणि नव्या रोपांना पाणी चाललं होतं. पडीक पट्ट्यात गवत माजलं होतं. बांबू कुणीतरी उपटून नेला होता, बांबू कुठंही कामाला येतो. पण झेंडा नाही तर दुर्बीण धरायची कशावर? मोकळ्या जमिनीवर ती नीट आकडा देत नाही, काहीतरी उभं लागतं, हे मित्रानं सांगितलं होतं. तेव्हा मी म्हटलं, मीच जाऊन उभी राहते.

सासूबाई मोटारीच्या खोलीच्या ओट्यावर बसल्या, जिथं त्या दिवशी बसल्या होत्या तिथंच. मी दुर्बीण त्यांच्या गळ्यात अडकवली, बटण दाखवलं आणि चालायला लागले. बांबूच्या जागी जमिनीत भोक अजून होतं, त्यामुळं जागा शोधावी लागली नाही. मी तिथं उभी राहिले आणि वळून बघितलं.

त्यांनी आधी दुर्बीण उलटी धरली, मग सुलटी केली. बराच वेळ डोळ्याला लावून ठेवली. पाटातलं पाणी सोडून कुठं काही आवाज नव्हता.

"दिसली," त्या म्हणाल्या. "चष्मा दिसून राहिला तुझा. अन् केस किती पांढरे झाले गं तुझे."

त्या हे माझ्याशी बोलत नव्हत्याच, स्वतःशी बोलाव्या तशा बोलत होत्या. आणि मला अक्षरन् अक्षर ऐकू आलं.

मी म्हटलं, "आई, ऐकू येतंय मला."

त्यांनी दुर्बीण खाली केली. "एवढ्या हळू बोलली तरी?"

"तरी."

ह्यांनी हाक मारली असती तर ती त्यांना ऐकू आलीच असती. म्हणजे ह्यांनी मारली नव्हती. आईला नाही, मला नाही, कुणालाच नाही. ज्या माणसाला चष्मा सापडला नाही तरी सगळं घर डोक्यावर घ्यायची सवय, त्याला ह्या गवतात उभं राहून एक हाक मारायला वेळ मिळाला नव्हता. डॉक्टर हेच म्हणाले होते आणि मी मान हलवली होती. आता मी त्याच जागेवर उभी होते आणि मला ते पहिल्यांदा कळलं. हे इथं मेले. एकटे, इथं. आणि मी घरी कपडे वाळत घालत होते.

मला रडू नंतर आलं. आधी पाय गेले. मी वाकले, हात जमिनीला टेकले आणि गवतात खाली बसले.

मान वर केली तेव्हा सासूबाई ओट्यावर नव्हत्या. त्या पट्ट्यातून येत होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढताना त्या दर पायरीला थांबतात, त्या बाई साडी वर धरून गवतातून धावत होत्या. एक चप्पल मागं राहिली होती. दुर्बीण गळ्यात इकडून तिकडं आपटत होती. त्या माझं नाव घेऊन हाका मारत होत्या, न थांबता, आणि त्यांना माझ्यापर्यंत यायला फार वेळ लागला नाही.

आल्या त्या अंगावरच पडल्या. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी इकडून तिकडून बघितलं, छातीला हात लावून बघितला. काय झालं, कुठं दुखतं, बोल. मला बोलता येत नव्हतं. मी रडत होते, आणि मला ह्यांची इतकी आठवण येत होती की श्वास घेता येईना. एवढं दुःख माझ्यात होतं हे मलाच माहीत नव्हतं. मला काही झालं नाही हे कळल्यावर त्याही तिथंच बसल्या, जिथं त्यांना कधी यायचं नव्हतं तिथं, आणि त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. त्या रडत होत्या की धापा टाकत होत्या ते मला कळलं नाही.

बऱ्याच वेळानं, पदरानं तोंड पुसून झाल्यावर, मी विचारलं, "किती आलं अंतर?"

त्यांनी गळ्यातल्या दुर्बिणीकडं बघितलं.

"बटन कुठं दाबलं मी," त्या म्हणाल्या. "तू खाली बसली नं."